हुबेहूब सरांसारखी

२ सप्टेंबर
आजपासून मैदानावरचं प्रशिक्षण सुरू. निघताना भावोजींनी विचारलं, "म्हणजे तू आता लोकांकडून जोर-बैठका काढून घेणार?" दोन वर्षं झाली या घरात राहून, अजून त्यांना ट्रेनर म्हणजे जिममधला दंडवाला वाटतो. मी शंभराव्यांदा सांगितलं की खेळाडूला लागलं की मैदानात धावत जाते, ती मी. "अच्छा, पाणी पाजणारी," म्हणाले. ताईने त्यांना डोळे वटारले, पण हसू तिलाही येत होतं.

पदवी झाली, पुढचं शिक्षणही निम्मं झालं, पण खरं काम हेच. एखाद्या अनुभवी ट्रेनरच्या हाताखाली पूर्ण हंगाम काढायचा. नियम साधा आहे, विभागप्रमुख बाईंनी तो आमच्याकडून घोकून घेतलाय: हात विद्यार्थ्याचा, नजर सरांची. सर समोर नसतील तर खेळाडूला बोटही लावायचं नाही. शेवटी सरांनी "ही तयार आहे" असं सांगितलं की परीक्षेला बसायला मिळतं. त्यांनी नाही म्हटलं तर नाही. एवढं सगळं एका माणसाच्या शब्दावर.

पण नशीब काढलंय मी! सर म्हणजे वर्गातल्या सगळ्यांना हवे होते तेच. फुटबॉल संघ त्यांना जीव लावतो. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "घाबरायचं नाही. इथे मी आहे." माझं नाव दोन मिनिटांत लक्षात ठेवलं.

९ सप्टेंबर
सकाळी सरावाआधी घोट्यांची रांग लागते. एकेक पोरगा टेबलावर बसतो, पाय पुढे करतो आणि घोटा मुरगळू नये म्हणून सर गप्पा मारत मारत त्याला चिकट टेप बांधतात. काय हात आहे! टेप तिरका फिरवून टाचेला दोन्हीकडून कुलूप घालतात, कुठे सुरकुती म्हणून नाही. शेवटचं टोक घोट्याच्या आतल्या बाजूला आणून दुमडून ठेवतात, छोटीशी शेपटी. खेळ संपला की पोराने ती धरून ओढायची, टेप सरसर सुटतो. आम्हाला वर्गात टोक पुढे आणून चिकटवायला शिकवलंय, दुमडायला नाही.

मी माझ्या पद्धतीने एक बांधला. सरांनी शांतपणे कात्रीने कापून काढला. "वाईट नाही," म्हणाले, "पण इथे एकच हात चालतो. खेळाडूला तुझा आणि माझा टेप वेगळा जाणवता कामा नये. ज्या दिवशी मलाच कळणार नाही की कुणी बांधलाय, त्या दिवशी तू शिकलीस."

मी मनाशी ठरवलं, दिवाळं निघालं तरी चालेल, टेपची दहा रिळं घरी आणते.

२० सप्टेंबर
ताईचा डावा पाय आता माझ्या मालकीचा आहे. ती शाळेतून आली की वह्या तपासायला बसते, मी खाली बसून तिचा घोटा बांधते, सोडते, पुन्हा बांधते. तिच्या पायावरचे केस टेपने उपटून निघाले त्या दिवशी जी बोंब ठोकली, ती ऐकून शेजारच्या काकू आल्या. आता ती रीतसर पाय भादरून बसते. "लग्नात एवढी नटले नव्हते," म्हणते.

आज तिने विचारलं, "तुझे सर काय करतात गं, तू बांधत असताना?"
"बघत असतात."
"सारखे?"
"अगं, सारखं कशाला बघतील! आता विश्वास बसलाय त्यांचा."
तिने एका वहीवर लाल शेरा मारला आणि गप्प बसली. गणिताच्या बाईंची ती सवयच आहे, उत्तर चुकलं की बोलत नाहीत, नुसतं बघतात.

६ ऑक्टोबर
सर हल्ली सरावाच्या वेळी प्रेक्षकांच्या बाकांमागे जाऊन फोनवर बोलत असतात. बरीच मोठी बोलणी चाललेली दिसतात. मी एकटीच टेबल सांभाळते. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. वर्गातल्या इतर सगळ्यांच्या डोक्यावर सर-बाई उभे असतात, त्यांना बर्फाची पिशवीसुद्धा विचारून उचलावी लागते.

आज मात्र धांदल उडाली. विभागप्रमुख बाई न सांगता टपकल्या. मी गुडघा तपासत होते आणि सरांचा पत्ता नाही. "सर कुठे?" मी पटकन म्हटलं, "आत्ताच होते, पाणी प्यायला गेलेत." बाई थोडा वेळ थांबल्या, हातावरचं घड्याळ बघितलं आणि गेल्या. सर आल्यावर त्यांना सांगितलं तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास. संघात असंच लागतं." दिवसभर ती थाप पाठीवर होती.

थोडं टोचलंही, नाही असं नाही. खोटं बोललेच की. पण पाच मिनिटांत आले ना सर. पाच नाही, जरा जास्त. जाऊ दे.

२३ ऑक्टोबर
आजचा दिवस चौकटीत लावून ठेवायला हवा.

डावीकडून खेळणारा एक पोरगा आहे, सगळे त्याला काडी म्हणतात. फुंकर मारली तर उडेल असा, पण चेंडू पायात आला की कुणाच्या बापाला सापडत नाही. गेल्या हंगामात त्याचा घोटा मुरगळला होता, म्हणून त्याच्या व्यायामाचं काम सरांनी माझ्याकडे दिलंय. एका पायावर उभं राहून चेंडू झेलणं, टॉवेल बोटांनी ओढणं, सगळं तो कुरकुरत करतो. मला डॉक्टरीण म्हणतो. "डॉक्टरीण, आज सुट्टी दे ना, पाय माझ्यावर रुसलाय." असलं काहीतरी. पण एक दिवस चुकवला नाही. मोठ्या संघात जायचंय त्याला, त्याच्या घरी दुसरा विषयच नाही. वडील बस चालवतात, ड्यूटी बदलून सामन्याला येतात.

तर आज मी त्याचा उजवा घोटा बांधला आणि सरांनी डावा. मग सरांनी गंमत म्हणून प्रशिक्षकांना बोलावलं, "सांगा, यातला माझा कुठला?" प्रशिक्षकांनी मी बांधलेल्या घोट्याकडे बोट दाखवलं. काडी म्हणाला, "मलाही नाही सांगता येणार, पायाची शपथ." सर स्वतः वाकून बघत होते आणि शेवटी म्हणाले, "जिंकलीस."

घरी येऊन ताईला मिठीच मारली. तिच्या पायालाही श्रेय आहे.

११ नोव्हेंबर
सामने जिंकतोय. सर्दी झालीय. सर म्हणाले, पुढच्या हंगामात ते इथे नसतीलही, एका मोठ्या व्यावसायिक संघाकडून विचारणा आहे. "उपांत्य सामना बघायला त्यांची माणसं येणार. कुठे बोलू नकोस." मला सांगितलं! आणखी कुणालाही नाही.

२९ नोव्हेंबर
आजचं आजच लिहून ठेवते.

उपांत्य सामना. उत्तरार्ध चालू, बरोबरी. आमचे बदली खेळाडू सगळे वापरून झालेले. काडी उडी मारून खाली आला तो दुसऱ्याच्या बुटावर. पाय आत वळला. मी आणि सर धावलो. मी बूट काढला, सकाळचा टेप कापून टाकला आणि नेहमीसारखी बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोटाने दाबत वर गेले. एका जागी तो "आई गं!" करून ओरडला. स्नायू दुखला की पोरं शिव्या देतात, हाड दुखलं की आईला हाक मारतात. त्याला उभं केलं तर पाय टेकवेना.

मी म्हटलं, "सर, हाड आहे. एक्स-रे. हा आता खेळणार नाही."

सरांनी एकदा प्रशिक्षकांकडे बघितलं, एकदा वर बाकांकडे, त्या मोठ्या संघाची माणसं बसली होती तिकडे. मग म्हणाले, "बरोबर आहे. जा, खोलीतून स्प्लिंट घेऊन ये. पळ." स्प्लिंट म्हणजे मोडलेला पाय बांधायची फळी. ती मी सकाळीच बॅगेत ठेवली होती असं मला वाटत होतं, पण सर म्हणतायत म्हणजे राहिली असेल. खोली मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, फाटकापाशी. किल्ली माळ्याकडे, माळी चहाला गेलेला. त्याला शोधून कुलूप उघडलं, कपाटात बघितलं, तिथे नाहीच. धापा टाकत परत आले तर काडी मैदानात पळतोय! मोज्याच्या वर पांढरा टेप दिसत होता.

"सर?"
"मी परत तपासलं. मुरगळलाय. टेपने भागेल."

सरांनी बघितलंय म्हणजे झालं. माझा हात कालचा, त्यांचा एवढ्या वर्षांचा. असं मी स्वतःला सांगितलं आणि बाकावर बसले. काडी लंगडत होता. मला दिसत होतं. मग एका वळणावर तो आपोआपच पडला, कुणाचा धक्काही नव्हता. त्याचं ओरडणं मला अजून ऐकू येतंय.

स्प्लिंट बॅगेतच होती. तळाशी, टॉवेलांखाली. सर घाईत विसरले असतील.

३० नोव्हेंबर
शस्त्रक्रिया झाली. धातूची पट्टी आणि स्क्रू. डॉक्टर म्हणाले, पहिल्या वेळेलाच एक्स-रे काढला असता तर प्लास्टरवर निभावलं असतं, नंतर पळाला म्हणून हाड सरकलं. काडीचे वडील भिंतीला टेकून उभे होते, बसा म्हटलं तरी बसेनात.

सर मला बाहेर घेऊन गेले. त्यांचे डोळे लाल होते. "आत्ता कुणाशी काही बोलू नकोस. चौकशी होईल. माझं मी बघतो, तुझ्यावर काही येऊ देणार नाही." मला त्यांची फार दया आली. चूक कुणाकडूनही होते. ते स्वतः सांगतीलच, मी कशाला पुढे पुढे करू?

ताईने विचारलं, "तुझ्यावर का येईल? तू तर नको म्हणालीस ना?"
मी म्हटलं, "अगं, बोलण्याची पद्धत असते एक."

४ डिसेंबर
विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. दार लावून घेतलं आणि विचारलं, "सर नसताना तू टेप का बांधलास?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "कुठला टेप?"

सरांनी सांगितलंय की ते रेफरीशी बोलायला वळले होते. वळून बघतात तर मी टेप बांधून मोकळी. प्रशिक्षकांनीही तेच सांगितलंय, शब्दाला शब्द.

मी बाईंना सगळं सांगितलं. खोली, किल्ली, माळी. माळ्याने म्हणे सांगितलंय की पोरगी किल्ली न्यायला आली होती, पण खेळाडू पडायच्या आधी की नंतर ते त्याला आठवत नाही. बाई टेबलावरचा कागददाब फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "ऑक्टोबरमध्ये मी आले तेव्हाही सर नव्हते. तू म्हणालीस, पाण्याला गेलेत. तेव्हा तू एकटीच गुडघा तपासत होतीस. खरं की नाही?"

खरं होतं. त्यांच्यासाठी मारलेली थाप माझ्याच गळ्यात आली. ती थाप आणि ती पाठीवरची थाप, दोन्ही.

५ डिसेंबर
सर फोन उचलत नाहीत. मैदानावर गेले तर फाटकावर सांगितलं, चौकशी होईपर्यंत तुम्हाला आत सोडायचं नाही. आतून पोरांचा आवाज येत होता. माझं टेबल दिसत होतं.

मी अजूनही म्हणतेय की त्यांना कुणीतरी भरीला घातलं असेल. ताई म्हणाली, "बाई गं, त्यांनी तुला बॅगेत असलेली वस्तू आणायला पळवलं. आता तरी डोळे उघड."

मी तिच्यावर ओरडले. मग रडले. भावोजींनी चहा करून आणला, त्यात साखर नव्हती, आम्ही दोघी तसाच प्यायलो. ते म्हणाले, "पाणी पाजणारीच राहिली असतीस तर बरं झालं असतं." पहिल्यांदाच त्यांच्या विनोदावर कुणी हसलं नाही, तेसुद्धा नाही.

ताई म्हणते, ही डायरी दाखव चौकशीत. दाखवते की! पानोपानी सरांची स्तुतिस्तोत्रं आहेत. वाचून त्यांचा पगार वाढेल.

७ डिसेंबर
काडीला भेटायला गेले. पाय उशांवर ठेवलेला. मी म्हटलं, "तुला आठवतंय ना, कुणी बांधला? तू सांगशील ना?"

तो खिडकीकडे बघत राहिला. "डॉक्टरीण, मला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते."
"काडी."
"सर म्हणालेत, पाय ते स्वतः बरा करून घेतील. त्यांच्या नव्या संघात माझी चाचणी लावतील. आणि तुला काही होणार नाही म्हणालेत, विद्यार्थ्यांना नुसतं ओरडतात."

म्हणजे आठवतंय. मी त्याच्या पलंगाशी उभी होते आणि माझी नजर सारखी त्याच्या बोटांकडे जात होती, सूज किती, रंग कसा. त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटत होती आणि पायाखालची उशी नीट करावीशीही वाटत होती. उशी नीट केली आणि निघून आले.

१२ डिसेंबर
चौकशी. लांब टेबल. विभागप्रमुख बाई, बाहेरचे एक डॉक्टर आणि कचेरीतले एक साहेब. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, वर्गात हलवतात तशी.

काडीच्या वडिलांनी एक प्लास्टिकची पिशवी आणली होती. दवाखान्यात कापून काढलेला टेप त्यांनी जपून ठेवला होता. तो टेबलावर ठेवला. अख्खा घोट्याचा आकार, एका बाजूने चिरलेला, आतल्या बाजूला शेपटी. मला म्हणाले, "पोरी, माझ्या मुलाचा पाय तुझ्या हातात दिला होता गं." मी म्हटलं, "काका, मी नाही बांधला." त्यांनी मान फिरवली.

काडीचं म्हणणं वाचून दाखवलं: आठवत नाही, दोघांचे टेप सारखेच असतात.

मग सर बोलले. असं बोलले की मीसुद्धा क्षणभर विश्वास ठेवला असता. "चूक माझीही आहे. पोरगी हुशार, हात चांगला, मी जरा जास्तच भरवसा टाकला. तिला शिक्षा करताना हे ध्यानात घ्या." आवाज भरून आला होता. साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली.

बाहेरच्या डॉक्टरांनी विचारलं, "पण हा टेप हिचाच कशावरून? तुमचा कशावरून नाही?"

सर म्हणाले, "तिला बांधून दाखवायला सांगा. आत्ता, इथे. मी बाहेर थांबतो."

पाय कुणाचा घ्यायचा? ताई बाहेर बाकावर बसली होती, तिला बोलावलं. ती खुर्चीवर बसली, डावा पाय पुढे केला. मी खाली वाकले तशी ती ओठ न हलवता म्हणाली, "वाकडातिकडा बांध. वर्गात शिकवलं तसा बांध. काहीही कर, पण तसा नको."

मला कळत होतं. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? शेपटी दुमडली नाही, टोक पुढे चिकटवलं, तर डॉक्टरांना शंका आली असती. ते खोटंच झालं असतं, पण खऱ्यासाठीचं खोटं. मी रीळ हातात घेतलं. मग ताईचा घोटा हातात आला. तो घोटा मी किती वेळा बांधलाय! माझ्या हातांनी मला विचारलंच नाही. टाचेची दोन्ही कुलपं बसली, कुठे सुरकुती नाही. भानावर आले तेव्हा मी शेपटी दुमडत होते.

ताईने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी दोन्ही टेप शेजारी ठेवून बघितले. "हुबेहूब," म्हणाले. एवढंच. सरांना बांधून दाखवायला कुणी सांगितलंच नाही.

सरांना माहीत होतं. माझ्या हाताला वाईट टेप बांधता येत नाही हे जगात दोनच माणसांना माहीत होतं आणि त्यातल्या एकाने त्याचाच उपयोग केला. त्यांनी केलेलं कौतुक खरं होतं, हेच जास्त लागलं मला. खोटं असतं तर थुंकून मोकळी झाले असते.

बाहेर पडताना ते व्हरांड्यात भेटले. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "राग धरू नकोस. तुझं अख्खं आयुष्य पडलंय. मला अशी संधी पुन्हा नव्हती." मी तशीच पुढे चालत राहिले. उत्तरं आत्ता सुचतायत, वीस तरी.

१५ डिसेंबर
निकाल. माझा हंगाम रद्द. माझ्या नावापुढे शेरा: देखरेखीशिवाय उपचार. दुसरीकडे, दुसऱ्या कुणाच्या हाताखाली, पहिल्यापासून सुरू करायचं. पुन्हा असं काही झालं तर अभ्यासक्रमातून बाहेर. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "वर्ष जाईल, पण कोर्स वाचला. सरांनीच तुझ्यासाठी रदबदली केली बरं का." मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता म्हणाल्या, "एवढ्या जुन्या माणसावर किती विद्यार्थी अवलंबून असतात, तुला कल्पना नाही."

त्या चांगल्या आहेत तशा. त्यांनाही वाईट वाटलं असणार. ताईला हे सांगितलं तर तिने हातातलं उलथनं आपटलं.

१९ जानेवारी
नवीन ठिकाण. धावपटूंचा क्लब. खोली लहान, खिडकी उंचावर, एकच टेबल. इथल्या बाई पन्नाशीच्या, आवाज घोगरा, बोलणं तोलून मापून. शेरा वाचूनच त्यांनी मला घेतलंय. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "मला सांगून शिंकायचं."

थट्टा नव्हती. मी पिंढरीला हात लावला की बाई माझ्या खांद्यामागे. वळले की धडकते. त्यांच्या लवंगेचा वास माझ्या मानेवर येतो. मी बारा-चौदा वर्षांच्या मुलीसारखी पहाऱ्यात आहे. परवा न राहवून म्हटलं, "बाई, जरा लांब उभ्या राहता का?" म्हणाल्या, "नाही."

हा अविश्वास आहे, दुसरं काय? चोरावर ठेवतात तशी नजर.

टेप मी बांधत नाही. टाळते. बांधला की शेपटी येते.

८ फेब्रुवारी
ऐकलं की सर गेले नव्या संघात. फोटोत निळा कोट घालून उभे आहेत. फोटो मोठा करून बघितला. का बघितला, माहीत नाही. हसू तेच आहे, "इथे मी आहे" वालं.

सगळ्यात वाईट म्हणजे त्यांची आठवण येते. रागाने यावी ना, तशी नाही येत. सकाळची रांग, गप्पा. आपल्याला फसवलं त्या माणसाची आठवण यावी, याची लाज वाटते. ताईला हे सांगणार नाही.

१७ मार्च
दुपारी काडी आला.

दारात उभा. लंगडणं लपवत चालत आला, पण माझ्यापासून लंगडणं कोण लपवणार? आधी इकडचं तिकडचं बोलला. वडील बरे आहेत. मग टेबलावर बसून बूट काढायला लागला.

मला वाटलं माफी मागायला आलाय. खरंच वाटलं. मी मनात वाक्यंही जुळवत होते, किती सहज माफ करायचं, किती ताणायचं.

म्हणाला, "उद्या चाचणी आहे. सरांच्या संघाची नाही, सर फोनच उचलत नाहीत. दुसरीकडे लावलीय, बाबांनी हातापाया पडून. डॉक्टर अजून पळू नको म्हणतात. तू टेप बांधून दे. तसा टेप सर बांधतात नाहीतर तू."

बाई खांद्यामागे होत्याच. मी घोटा हातात घेतला. शस्त्रक्रियेचा व्रण, अजून गुलाबी. हाडाच्या कडेवर बोटाने दाबत वर गेले. त्याने टेबलाची कड घट्ट धरली.

"नाही," मी म्हटलं. "हाड अजून भरलेलं नाही. टेप बांधून पळालास तर परत मोडेल. चाचणी पुढे ढकल."
"अगं, एकच दिवस!"
"नाही."
"माझं काय जातं ते तुला कळत नाही. तू दुष्ट आहेस, डॉक्टरीण." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुला खेळू द्यायचंच नसतं कुणाला. त्या दिवशीही अशीच हाड हाड करत बसलीस. तुझं ऐकून सरांनी टेप बांधला नसता तर मी मैदानात परत गेलोच नसतो!"

आणि आपण काय बोललो ते त्याला कळलंही नाही. तो मोजे चढवत होता, रागाने, उलटे.

मलाही पटकन कळलं नाही. मला फक्त "दुष्ट" लागलं होतं. त्याचा सगळा हंगाम मी सांभाळला, त्या पायासाठी माझं वर्ष गेलं आणि हा मला दुष्ट म्हणतोय. मी टेपचं रीळ कपाटात ठेवायला वळले आणि बाईंवर आदळले. त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

"बस खाली," बाई काडीला म्हणाल्या. "हे आत्ता म्हणालास ते परत म्हण. सावकाश."

त्याने वर बघितलं. मग माझ्याकडे. चेहरा पांढरा पडला. अगदी लहान आवाजात तो म्हणाला, "हिने नाही बांधला. ही स्प्लिंट आणायला गेली होती."

बाईंनी त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. मला म्हणाल्या, "उद्या सकाळी तुमच्या विभागप्रमुखांकडे जायचं. मी येते. मी हे माझ्या कानांनी ऐकलंय." मग घोगऱ्या आवाजात, नेहमीपेक्षा जरा हळू, "मी इथे का उभी असते, कळलं?"

काय होईल उद्या, माहीत नाही. विभागप्रमुख बाई कागददाब फिरवतील. सर निळ्या कोटात आहेत, ते कदाचित तसेच राहतील. काडी उद्या शब्द फिरवणार नाही कशावरून? एकदा फिरवलाय त्याने. तो गेल्यावर पुढची धावपटू आली, पिंढरीत गोळा आलेला. मी वाकले. बाई येऊन माझ्या खांद्यामागे उभ्या राहिल्या, लवंगेचा वास आला, आणि आज मी त्यांना लांब उभ्या राहा म्हटलं नाही.